छत्तीस जीबीचा हंस

हरिणीला त्या सोमवारी मिळवायची होती ती एवढीच गोष्ट : साठ जीबी जागा. त्यासाठी किती खर्च येईल याचा अंदाज तिने जिना चढता चढताच बांधला होता. एक हसू. ‘सर’ला ‘सार’ म्हणताना शेवटचा र जरा लांबवायचा. वेणीतली अबोली सकाळीच माळलेली होती, तिचा वेगळा खर्च धरायचं कारण नव्हतं. आणि अगदीच अडलं तर डोळ्यांत पाणी… पण ते राखीव. सर्व्हरच्या खोलीतले कृष्णमूर्ति मामा साठी गाठलेले होते, त्यांना कॉफीचा एक लोटा आणि एक हसू पुरत असे. आजवर कुणालाच त्याहून जास्त मोजावं लागलं नव्हतं.

तिने दार ढकललं, आणि सगळा अंदाज तिथेच चुकला.

मामा नव्हते. खोलीच्या मध्यावर जमिनीवर मांडी घालून एक तरुण बसला होता. उजव्या हातात भली मोठी काळी छत्री, आणि ती त्याने स्वतःवर नाही, सर्व्हरच्या कपाटावर धरली होती. छतातून पाणी ठिबकत होतं… टप्… टप्… छत्रीवरून ओघळून खालच्या पितळी घंगाळात पडत होतं. डाव्या हाताने तो मांडीवरच्या कीबोर्डवर काहीतरी लिहीत होता. चपला दाराबाहेर, पँटचे पाय दुमडलेले. दार उघडल्याचं त्याला कळलंच नाही, कारण तो बोलत होता. मशीनशी.

“बाई गे, अजून दोन महिने धीर धर. मग तूं इथे आणि मी बंगळूरांत. तोंवर भिजूं नको. मजला तोंड दाखवायला जागा उरणार नाही.”

हरिणी उंबऱ्यातच थबकली. तो बोलत होता ते तमिळ नव्हतं. तिचे अप्पा, पांडुरंगराव, भजनाला निघताना टाळ सापडले नाहीत की जी भाषा बोलत, तीच ही. तीनशे वर्षांपूर्वी कुणीतरी तंजावरला आणलेली, तिथून कुंभकोणमच्या चार-दोन गल्ल्यांत उरलेली मराठी. उंबऱ्याच्या आत बोलायची, बाहेर पडताना चपलांच्या जागी काढून ठेवायची.

आता शहाण्या मुलीने लगेच सांगितलं असतं, मीही तुमच्यातलीच. हरिणी शहाणी होतीच, म्हणून तिने सांगितलं नाही. समोरच्याचं मन आपल्याला ऐकू येतंय आणि त्याला ते ठाऊक नाही, एवढं भांडवल फुकट हाती आलेलं असताना ते पहिल्याच दिवशी कोण उधळील?

“सार…” ती तमिळमध्ये म्हणाली, र लांबवून. “कृष्णमूर्ति मामा?”

“निवृत्त झाले. महिना झाला.” त्याने मान वर केली. छत्री हलली आणि पाण्याचा एक थेंब त्याच्याच नाकावर पडला. तो त्याने पुसला नाही. “मी विजयराघव. तुम्ही?”

“हरिणी. समयांचे फोटो काढते. मी नाचियार्कोविललाच असते बहुतेक, म्हणून…”

“हां, दोनशेअडतीस.”

“काय?”

“तुमचा आकडा. दोनशेअडतीस जीबी. शनिवारी सकाळी अकराला तुम्ही दोनशे ओलांडलेत.”

कुणी मुलीला पाहताच तिचं वय विचारतो, कुणी गाव. याने वजन सांगितल्यासारखा आकडा सांगितला. हरिणीने ठरवलेलं हसू काढलं, आणि ते घेणारा समोर कुणी नाही असं पाहून परत ठेवून दिलं.

प्रकरण असं होतं. कुंभकोणमच्या मेलकावेरी भागातल्या त्या दुमजली इमारतीत एक छोटी संस्था होती. नाचियार्कोविलचे ओतारी पितळेच्या ज्या उंच समया घडवतात, त्यांचे चहूबाजूंनी शेकडो फोटो काढायचे आणि त्यांवरून संगणकात समईची हुबेहूब आकृती उभी करायची, म्हणजे उद्या साचा मोडला तरी समई हरवणार नाही. कार्तिकदीपाच्या सणाआधीच्या शनिवारी संध्याकाळपर्यंत बत्तीस समया पुऱ्या करायच्या, असं हरिणीचं कंत्राट होतं. पुऱ्या झाल्या तर देवळांतल्या तीनशे समयांचं पुढचं काम तिचं. नाही झाल्या तर ते चेन्नईच्या माणसांकडे जाणार होतं, आणि हरिणीही चेन्नईलाच… थोरल्या भावाच्या ओळखीच्या स्टुडिओत, लोकांच्या बाळांचे पहिले वाढदिवस टिपायला. पंचवीस झाल्या होत्या. सात उरल्या होत्या.

“साठ जीबी वाढवून द्या ना,” ती म्हणाली. “पाच दिवसांचाच प्रश्न आहे.”

“नाही.”

“मामा द्यायचे.”

“म्हणून तर पुरट्टासी महिन्यात डिस्क भरली आणि एकोणीस जणांचं आठवड्याचं काम बुडालं.” त्याने छत्री या हातातून त्या हातात घेतली. “मी संस्थेच्या प्रमुख मीनाक्षीबाईंना शब्द देऊन इथे लागलो. सगळ्यांना सारखं. दोनशे ही सॉफ्ट लिमिट. ती ओलांडलीत तर सात दिवसांची सवलत. तेवढ्यात खाली आलात तर कुणी काही म्हणत नाही. नाही आलात तर नवं एक अक्षरही लिहू देणार नाही हे मशीन. आणि अडीचशे ही हार्ड लिमिट, तिच्यापुढे तर सवलतीतसुद्धा नाही.”

“आणि तुम्ही स्वतः?”

“मी स्वतः काय?”

“तुम्हांला किती?”

त्याने पडदा तिच्याकडे वळवला. एकोणीस नावांची यादी होती. सगळ्यांपुढे दोनशे, अडीचशे. शेवटून दुसरं नाव त्याचं. वापर, एकशे शहाण्णव.

“एवढं काय साठवलंय?”

“त्यातली शंभर जीबी सरावाची. खोटी खोटी मशीनं उभी केली आहेत, ती मोडायची, परत जोडायची. बंगळूरच्या नोकरीसाठी. मुलाखत पुढच्या महिन्यात, मार्गळीत आहे.” मग नजर कीबोर्डकडे वळवून तो हलकेच मराठीत पुटपुटला, मशीनलाच, “पाहिलंस? मागायला आली आणि माझीच झडती घेऊन चालली. डोळे बघ किती मोठे. साठ जीबीचे असतील.”

हरिणीने खिडकीबाहेर बघितलं. कावेरीवरचं धुकं नारळांच्या झावळ्यांत अडकलं होतं आणि त्यातून पाऊस पडतोय की नुसताच तरंगतोय, ते कळत नव्हतं. गाल का तापले, तेही.

“सरी, बरं,” ती म्हणाली. “मग जागा नका देऊ. जागा कशी करायची, ते तरी सांगा.”

“ते सांगेन,” तो म्हणाला. “तेच माझं काम.”

* * *

मंगळवारी सकाळी तिने मन घट्ट करून जुने तीस जीबी पुसले. आकडा जागचा हलला नाही. दोनशेअडतीस ते दोनशेअडतीसच. तिने वर फोन केला.

तो खाली आला. तिच्या टेबलाशी उभा राहिला, वाकला. त्याच्या शर्टाला ओल्या भाताच्या रोपांचा वास होता. सुंदरपेरुमाळ कोयिल गावच्या शेतांमधून रोज सकाळच्या पॅसेंजरने येणारा माणूस तो, वास घेऊनच यायचा.

“हे काय?”

“पुसलं की मी.”

“पुसलं नाहीत. कचरापेटीत ठेवलंत. कचरापेटी कुणाच्या घरात आहे?”

“माझ्या.”

“मग कचराही तुमच्याच नावावर.” त्याने पेटी रिकामी केली. आकडा दोनशेआठवर उतरला. हरिणीने नवा फोटो साठवायला घेतला, आणि मशीनने नकार दिला.

“आता काय झालं याला?”

“जागा दोन तऱ्हांनी मोजतात, मॅडम. किती मोठं, आणि किती नग. तुमचे नग संपलेत.” तो ओळींमागून ओळी खाली सरकवत गेला. फोटो जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरने प्रत्येक समईमागे हजारो बारीक तुकडे मागे टाकले होते, तांदूळ निवडल्यावर सुपात राहते तशी कणी. ती कणी पुसत त्याने पडद्याकडे पाहून मान हलवली आणि मराठीत म्हणाला, “अगे बाई, टाकवत म्हणून काहीच नाही तुजला. मालकिणीवर गेलीस अगदी.”

हरिणीने खालचा ओठ दातांत धरला आणि हिशेबाची वही उगाचच उलटीकडून उघडली.

“हसताय का?” त्याने तमिळमध्ये विचारलं.

“कुठे? खोकला आलाय.”

“कार्तिगै महिना आहे, सांभाळा.” तो गंभीरपणे म्हणाला. दुपारी तिच्या टेबलावर पळंकल्कंडाचे, खोकल्यावर चघळायच्या ताडाच्या खडीसाखरेचे, चार खडे कागदाच्या पुडीत आले. कुणी ठेवले, ते पुडीवर लिहिलेलं नव्हतं. पण पुडीचा कागद सर्व्हरच्या बिलाचा होता.

असे ते दिवस चालले; उरलेल्या समयांतली एकेक पुरी होत होती. ती रोज दहा जीबी पुसायची, आणि दहा नव्याने भरायची. आकडा दोनशेच्या वरच घुटमळत राहायचा, आणि शनिवारी अकराकडे चाललेलं घड्याळ काही थांबायचं नाही. पेनड्राइव्हवर घेऊन जायचा मार्गही नव्हता. आमच्या घडणीचे फोटो या इमारतीबाहेर जाणार नाहीत, असा शब्द ओतारींनी संस्थेकडून घेतला होता, आणि मीनाक्षीबाईंनी सगळ्या संगणकांची पेनड्राइव्हची भोकं मेणाने बुजवून टाकली होती. जे ठेवायचं ते इथेच, आणि आपल्या वाट्यातच.

* * *

बुधवारी हंसाची समई होती. छातीइतकी उंच, आणि शेंड्यावर पंख मिटून बसलेला हंस. त्यागराज ओतारींनी आठ महिने खपून ती घडवली होती. रविवारी कार्तिकदीपाला ती देवळात लागायची, आणि एकदा तेल पडलं की पितळेचं ते कोवळं तेज गेलंच. फोटो त्याआधीच काढायला हवे होते.

चकचकीत पितळेचे फोटो काढायचे तर सगळीकडून पांढरं कापड लावावं लागतं, नाहीतर आजूबाजूचं जग त्यात उतरतं. हरिणीच्या कापडाच्या चार काठ्यांपैकी एक मोडली होती. हे तिने जिन्यात सहज म्हटलं. किती सहज, ते तिचं तिला ठाऊक.

“माझी एक सुट्टी उरलीय,” विजयराघव म्हणाला. “काठीच व्हायचं ना? होईन.”

बसमध्ये ते शेजारी बसले, मधे कॅमेऱ्याची पेटी. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं पाण्याने भरलेली, आणि त्यात आभाळ उलटं पडलेलं. खिडकीची काच नव्हतीच, ताडपत्रीचा पडदा होता. तो सारखा फडफडून हरिणीच्या तोंडावर यायचा. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याने हात लांब करून पडद्याचं टोक धरलं, आणि नाचियार्कोविल येईपर्यंत धरून ठेवलं. हात नक्कीच भरून आला असणार.

“हा कोण? तुझा नवरा का गं?” त्यागराजांनी कारखान्याच्या दारातच विचारलं.

“नाही पेरियप्पा,” मोठ्या काकांना म्हणावं तसं ती म्हणाली. “ सर्व्हरचे आहेत.”

“कापड तर नवऱ्यासारखंच धरलंय. वैतागून.”

तो कापडाच्या मागे उभा राहिला. ती समईभोवती फिरू लागली, एक पाऊल, एक फोटो, एक पाऊल, एक फोटो. पत्र्यावर पाऊस वाजत होता. भट्टीची धग एका गालाला आणि ओला वारा दुसऱ्या गालाला. पितळ हळूहळू मधासारखं दिसू लागलं… सहाशे फोटो म्हणजे दीड तास, आणि त्या दीड तासात जगात एक समई आणि दोन माणसं एवढंच सामान उरलं होतं.

“उंच धरा जरा.”

“धरलंय.”

“डोकं दिसतंय तुमचं.”

“माझं डोकं फार लांब आहे तुमच्यापासून.”

“तेवढंही नाही,” ती म्हणाली, आणि मग कॅमेऱ्यात बघत बसली बराच वेळ, काही न टिपता.

* * *

गुरुवारी दुपारी मेलकावेरीत तिने फोटो उघडले. छत्तीस जीबी. पहिलाच मोठा करून पाहिला आणि ती खुर्चीत पुढे सरकली. हंसाचं पोट आरशासारखं गोल, त्यात कापडाच्या वरून एक डोकं, स्पष्ट. दुसऱ्यात तेच, विसाव्यात तेच. सहाशेच्या सहाशे वाया.

विजयराघव तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. पडद्यावरचं डोकं त्याने ओळखलं.

“माझ्यामुळे,” तो म्हणाला. “मला वाटलं उंच धरलंय.”

“असू दे. उद्या नवी काठी नेते. परत काढीन.”

“हे पुसून टाका मग. आज तुम्ही दोनशेबावीसवर आहात. हे गेले की एकशेशहाऐंशी. उद्या एकशेऐंशीच फोटो काढा, अकरा जीबी येतील, म्हणजे एकशेसत्त्याण्णव. बरोबर बसतंय.” त्याचा हिशेब चोख होता. नुसता आवाज तेवढा उतरला होता. “माझं तोंड पुसायला काय लागतं. एक कळ दाबायची.”

तो वर गेला. हरिणीने कळ दाबायच्या आधी फक्त एकदा, कितपत बिघडलंय ते बघावं म्हणून, फोटो आणखी मोठा केला.

हंसाच्या पोटात तांदळाएवढं तोंड होतं. काठी झालेला माणूस समोरच्या समईकडे बघत असेल असं आपल्याला वाटतं. हा बघत नव्हता. ती समईच्या डावीकडे असताना तो डावीकडे बघत होता. उजवीकडे गेली तेव्हा उजवीकडे. ती वाकली त्या फोटोत त्याची मान वाकलेली, तिने कपाळावरचे केस सारले त्या फोटोत तो हसत होता. सहाशे फोटो. सहाशेही ठिकाणी त्याचे डोळे कॅमेऱ्याच्या मागे जी होती तिच्यावर.

असं कुणी आपल्याकडे दीड तास बघितलेलं आपल्याला कधी दिसतं का? बघणारा विसरतो, आणि आपण तर पाठमोरेच असतो. हरिणीला दिसलं होतं, आणि तेही सहाशे प्रतींत.

तिने कळ दाबली नाही. शुक्रवारीही नाही. शुक्रवारी ती नाचियार्कोविलला जाऊन नव्या काठीने नवे फोटो काढून आली. (“आज सर्व्हर नाही आला?” त्यागराजांनी विचारलं. “बिघडलाय,” ती म्हणाली. “त्याचं बिघडलंय की तुझं?” ते म्हणाले.) परत आली तर तो जिन्याशी उभा.

“उद्या अकराला सवलत संपते.”

“माहीत आहे.”

“हंसाची रद्दी पुसलीत?”

“पुसली.”

त्याने तिच्याकडे पाहिलं. ज्याच्या पडद्यावर एकोणिसांचे आकडे दिवसभर जागे असतात त्याच्यापुढे ती दोनशेबावीस असताना एकशेशहाऐंशी असल्याचं सांगत होती. अशी चूक हिशेबात मुरलेली मुलगी एरवी करत नाही. त्याला ते कळलं, आणि त्याला कळल्याचं तिला कळलं. पागोळ्या तेवढ्या दोघांच्या मधे गळत राहिल्या.

“सरी,” तो म्हणाला, आणि वर गेला.

* * *

शनिवारी ती दहालाच येऊन बसली. हंस निवडला. सहाशे फोटो निळे झाले. बोट कळीवर ठेवलं.

आता हे पुसले की शेवटची समई साठवता येईल, बत्तीस होतील, पुढचं काम मिळेल, ती इथेच राहील. नाही पुसले तर अकरा वाजल्यापासून नवं काही लिहिता येणार नाही, आणि मग चेन्नई, वाढदिवस, केकवरच्या मेणबत्त्या. आणि राहून तरी काय? दोन महिन्यांनी तो बंगळूरला जाणार. मग हे फोटो तरी हवेत… आणि फोटो ठेवावेत तर तीच इथे नाही, कारण ते इमारतीबाहेर जात नाहीत. कसाही मांडला तरी हिशेब जमत नव्हता. तिला असा हिशेब कधी भेटला नव्हता.

दहा चाळीस. दहा पंचावन्न. खाली गल्लीतून नादस्वराचे तुटक सूर येत होते, कुठल्याशा देवळात उद्याची तालीम चालली असावी.

अकरा वाजले. बोट कळीवरच होतं, आणि तिने ते उचललं.

नकार तरी आपल्या डोळ्यांनी बघावा, म्हणून तिने शेवटची समई सर्व्हरवर चढवायला लावली. हंसाचे नवे फोटो, स्वच्छ, कुणाचंही तोंड नसलेले. एक जीबी गेला. दोन गेले. पाच. ती ताठ बसली. अकराच्या अकरा गेले, एक कुरकुर न करता.

तिने आकडा पाहिला. एकशेसत्त्याण्णव.

म्हणजे छत्तीस कमी झाले होते. म्हणजे त्याने… रात्रीतून, तिला न विचारता, तिच्या भल्यासाठी… त्याने पुसले होते.

तिने फोल्डर उघडला. सहाशे फोटो जागच्या जागी होते.

तिला काही समजेना. एक उघडला. तांदळाएवढं तोंड, डावीकडे बघणारं. निदान एवढा तुकडा वेगळा कापून ठेवावा म्हणून तिने कापला आणि साठवायला गेली, तर मशीन म्हणालं, परवानगी नाही. ही फाइल तुमची नाही.

माझी नाही, तर मग कुणाची?

तिने यादी मोठी करून पाहिली, नाव, आकार, तारीख, मालक. मालकाच्या रकान्यात आजवर तिचंच नाव असायचं, ती तिकडे कधी बघतही नसे. आता पहिल्या ओळीत ‘विजयराघव’ होतं. दुसऱ्या ओळीत ‘विजयराघव’. ती खाली खाली जात राहिली… सहाशे ओळी, आणि प्रत्येकीपुढे तेच एक नाव, एखाद्याने वहीभर लिहून काढावं तसं.

मशीन फाइल कुठे ठेवली ते बघत नाही, कुणाच्या नावावर आहे ते बघतं, आणि जागा त्याच्या वाट्यातून कापतं. त्याने सहाशे फोटो तिच्याच घरात राहू दिले होते, आणि भार स्वतःच्या नावावर घेतला होता. पण त्याच्याकडे चारच जीबी शिल्लक होते. हरिणीला तो आकडा पाठ होता, एकशे शहाण्णव.

ती जिना चढली. या खेपेला काही मोजत नव्हती.

तो तिथेच होता, मांडी घालून, छत्री धरून. घंगाळात टप्… टप्… दार उघडंच होतं आणि त्याची पाठ दाराकडे होती.

“बाई,” तो मशीनला सांगत होता, “शंभर जीबीचा सराव पुसला मी काल. आतां बंगळूरकर मजला काय विचारतील आणि मी काय सांगेन, देव जाणे. त्यांना नको म्हणून कळवूनच टाकतो. तिला मात्र सांगूं नको. तिने माझं तोंड कां ठेवलं, ते मजला ठाऊक नाही. विचारायला भय वाटतं. ती आपली चांगली आहे, ओळखीखातर ठेवलं असेल.”

“ओळखीखातर छत्तीस जीबी कोण ठेवतं?” हरिणी म्हणाली. मराठीत.

छत्री खाली आली. पाणी थेट कपाटावर पडायला लागलं, तेव्हा तिनेच धावत जाऊन छत्री उचलली आणि परत वर धरली. तो वळला.

“तुजला… तुम्हांला… मराठी?”

“घरी आमच्या दुसरं बोलतात काय? भजनातल्या पांडुरंगरावांची मी मुलगी.”

“केव्हापासून कळतं?”

“जन्मापासून.”

“नव्हे. माझं बोलणं केव्हापासून…”

“पहिल्या दिवसापासून.”

तो डोळे मिटून मागचे पाच दिवस मोजू लागला. मोजताना त्याचे कान एकेक करून लाल होत गेले. “म्हणजे साठ जीबीचे डोळे…”

“ऐकलं.”

“आणि मंगळवारचं, मालकिणीवर गेलीस ते?”

“तेही.”

“बुधवारी बसमध्ये काही बोललो काय मी?”

“बसमध्ये पडदा धरला होतास,” ती म्हणाली. तुम्हीचा तू कधी झाला ते दोघांनाही कळलं नाही. “तेव्हा बोलायची गरज नव्हती. आणि विजय… तू मला एक जीबी द्यायलाही नाही म्हणाला होतास. मीनाक्षीबाईंना दिलेला शब्द कुठे गेला?”

“आहे की. तुला एक जीबीही जास्त दिलेला नाही. दोनशेच आहेत तुझे, बघ.” तो यादीकडे बोट करत म्हणाला, आणि पहिल्यांदा सरळ तिच्याकडे बघितलं, पितळेतून नाही. “माझ्या वाट्यात मी काय ठेवायचं, ते माझं मी ठरवलं. सराव नको वाटला. तू काढलेलं माझं तोंड… म्हणजे माझं तोंड नव्हे… मी जे बघत होतो ते…”

“मी ठेवलं, कारण तू बघत होतास,” हरिणी म्हणाली. “सहाशेही वेळा. एकदा तरी समईकडे बघायचं होतंस, रे. पुसता तरी आलं असतं.”

पाऊस वाढला. छतातली गळती एकाची दोन झाली. त्याने उठून छत्रीची मूठ धरली. ती तिनेही सोडली नाही. एवढ्या मोठ्या छत्रीखाली कपाटही मावत होतं आणि दोन माणसंही, फक्त माणसांना थोडं जवळ उभं राहावं लागत होतं.

“बत्तीस झाल्या,” ती पुटपुटली.

“मग चेन्नई?”

“नाही. बंगळूर?”

“सरावच उरला नाही,” तो म्हणाला. “शिवाय ही भिजेल.”

“ही म्हणजे कोण?”

त्याने मूठ जराशी कलती केली. छत्री कपाटावरून थोडी तिच्या बाजूला सरकली.

आता हिशेब. हरिणी साठ जीबी मागायला आली होती, तिला एकही मिळाला नाही. विजयराघवने छत्तीस आपल्या नावावर घेतले, त्यासाठी शंभर पुसले, आणि एक शहर सोडून दिलं. मोजलं ते जवळजवळ सगळं त्यानेच. हरिणीने जिन्यात ठरवलेलं हसू त्या दिवशी खपलंच नव्हतं, तसंच घडी घालून ठेवलेलं होतं. आता निघालं ते दुसरंच, न ठरवलेलं. आणि अगदीच अडलं तर म्हणून राखून ठेवलेलं डोळ्यांतलं पाणी… काहीही अडलेलं नसताना, कुणी मागितलेलं नसताना, तेही तिथेच खर्च झालं.